राहिलेलं पाणी

१

गुरुवारी आमची लाँड्री बंद असते, आणि त्या दिवशी आम्ही तिघं भावंडं दुकानामागच्या जुन्या घरात दुपारचं एकत्र जेवतो. आई होती तेव्हापासूनचा हा शिरस्ता. ताई डबा घेऊन येते, धाकटा फळं आणतो, आणि मी मधला, इथंच राहत असल्यामुळे, ताटं मांडून वाट बघत बसतो आणि दोघं आले की उशिराबद्दल त्यांना बोलतो. ताई आल्या आल्या स्वयंपाकघरातला रेडिओ लावते. मग डबा उघडते.

जेवताना गोष्टी निघतात त्या जुन्याच. कुणी परका माणूस येऊन बसला तर त्याला वाटेल, ही तीन मोठी माणसं एकमेकांना थापा मारतायत. कारण आमच्या गोष्टी भिंतीतून आरपार जाण्याच्या आणि नुसत्या हातांनी गज वाकवण्याच्या असतात.

आता सांगायला हरकत नाही. एके काळी या शहरात कुणी संकटात सापडलं की तीन मुखवटेवाले धावून यायचे, ते आम्ही. ताईला ऐकू यायचं. साधंसुधं नाही, दोन गल्ल्या पलीकडे कुणाच्या छातीत धडधडतंय आणि ते पळून की भीतीनं, तेही तिला कळायचं. माझे हात तापायचे. आणि धाकटा भिंतीतून जायचा, म्हणून आईनं त्याचं नाव भुंगा ठेवलं होतं. मुखवटे आणि पोशाख आईनंच शिवले, गिऱ्हाइकांनी न नेलेल्या कोटांच्या अस्तरातून. वर्तमानपत्रं आम्हाला एकाहून एक भारदस्त नावं द्यायची. आई ती मोठ्यानं वाचून दाखवायची आणि म्हणायची, "रक्षक म्हणे. आधी स्वतःची अंथरुणं उचला."

भिंतीच्या आत भुंग्याला काही दिसायचं नाही. पुढे कुठे, मागे कुठे, तेही कळायचं नाही. म्हणून मी पलीकडच्या बाजूला जाऊन भिंतीवर तळवा ठेवायचो, आणि ती ऊब धरून तो यायचा. याला आम्ही 'हात देणं' म्हणायचो. आईनं त्यात एक नियम घातला. एकदा ती उकळतं दूध उतरवत असताना हा शेगडीशेजारच्या भिंतीतून डोकं काढून "आई, भूक लागली" म्हणाला. दूध गेलं, भांडं गेलं, आणि आईचा आवाज पार कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत गेला. त्या दिवसापासून ठरलं की दारातून येणारी माणसं टकटक करतात, तशी भिंतीतून येणाऱ्यानंही करायची. आतून नखानं दोनदा, जरा थांबून एकदा. मगच मी हात धरून ओढायचं. टकटक नाही तर हात नाही.

किती साधे होतो आम्ही. जगात दुष्ट माणसं आहेत हे माहीत होतं, पण संध्याकाळी घरी येऊन जेवायचं आहे हेही तेवढंच पक्कं माहीत होतं.

२

पुढच्या आठवड्यात ही इमारत पाडणार आहेत. लाँड्री मी नव्या जागेत नेतोय. बॉयलर आणि इस्त्रीची टेबलं आधीच गेली, आणि या गुरुवारी घर आवरायचं होतं.

सकाळपासून तिघं कामाला लागलो. खोकी बांधणं भुंग्याचं काम. त्याचा कुलपं दुरुस्त करायचा धंदा आहे. भिंतीतून जाणाऱ्या माणसानं कुलपं दुरुस्त करावीत, यावर आई मरेपर्यंत हसत होती. हात मात्र कसबी. त्यानं दुपारपर्यंत स्वयंपाकघर रिकामं केलं, आणि त्या झपाट्यात रेडिओही बांधून बाहेर टेंपोत नेऊन ठेवला.

ताईला कळलं तेव्हा ती एकदम चिडली. "रेडिओ कशाला नेलास? मला विचारायचं तरी."

"अगं, तासाभराचा प्रश्न आहे," भुंगा म्हणाला. "तोवर मी गातो."

"नको," ताई म्हणाली. ती हसली नाही. पर्समधून कापूस काढून तिनं कानात घातला आणि चादरी आवरायला पलीकडच्या इस्त्रीच्या खोलीत निघून गेली. भुंगा माझ्याकडे बघून खांदे उडवत बाहेर गेला.

मी स्वयंपाकघरात एकटाच उरलो. इस्त्रीची खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामधली भिंत दगडी आहे, हातभर जाडीची. रोज पलीकडे बॉयलर घरघरायचा, गुरुवारी रेडिओ असायचा, आणि रात्री मी पुढे दुकानात झोपायचो. हे घर इतकं शांत मी कधीच ऐकलं नव्हतं. ओट्यावर आम्ही एकच ग्लास बाहेर ठेवला होता, तहान लागली तर असावा म्हणून. मी त्यात पाणी ओतत होतो.

भिंतीतून टकटक झाली. दोनदा. जरा थांबून एकदा.

खरं सांगतो, मला आनंद झाला. वाटलं, घर सोडायच्या आधी पठ्ठ्यानं शेवटचा एक खेळ करून दाखवायचं ठरवलंय. इतकी वर्षं तो भिंतीत शिरला नव्हता. माझा तळवा आपोआप भिंतीवर गेला, आपोआप तापला. मी "ये रे, ये," म्हणणारच होतो.

तेवढ्यात बाहेरून भुंग्याचा आवाज आला. तो टेंपोवाल्याला सांगत होता की काचेची खोकी खाली ठेवायची नसतात.

मी हात काढून घेतला. जिथं माझा तळवा होता, नेमकं तिथंच आतून कुणीतरी नख फिरवलं. हळूच. ऊब कुठे गेली ते शोधल्यासारखं.

३

बॉयलर काढल्यावर नळ्या गार होतात आणि वाजतात. मला माहीत आहे, माझा जन्म त्या नळ्यांत गेलाय. मी स्वतःला तेच सांगितलं. उंदीरही असतात. पण नळी कधी दोनदा वाजून, थांबून, मग एकदा वाजत नाही, आणि उंदीर दगडातून फिरत नाहीत.

त्या भिंतीत एक माणूस आहे. हे आम्हा तिघांना माहीत होतं. आईलाही होतं.

शहरात त्याला पाहुणा म्हणायचे. गोदी, बाजार, जुगाराचे अड्डे सगळं त्याच्या मुठीत होतं, पण त्याच्या हातात कुणी कधी हत्यार पाहिलं नाही. तो फक्त घरी यायचा. नीट कपडे, नीट भांग, बोलणं इतकं मऊ की पहिल्या भेटीत माणसं त्याला आग्रह करून बसवायची. तो खुर्चीच्या अगदी कडेवर बसून पाणी मागायचा. अर्धा ग्लास प्यायचा, आणि उठताना घरातल्या एका माणसाकडे बघून म्हणायचा, "राहिलेलं ठेवा. पुढच्या वेळी." काही दिवसांनी तो पुन्हा यायचा आणि उरलेलं पाणी पिऊन जायचा. ज्या माणसाकडे त्यानं बघितलेलं असे, ते माणूस दुसऱ्या दिवशी उठायचं नाही. डॉक्टर हृदय म्हणायचे. लोक घर सोडून जायचे, तर तो नव्या घरी यायचा.

त्याच्या धंद्याला आम्ही बरेच धक्के दिले होते. तरी तो आमच्या घरी येईल असं कधी डोक्यात आलं नव्हतं. ताई असताना आमच्या घरी नकळत कुणी येणं शक्यच नव्हतं. त्या दुपारी आम्ही बाहेरून येऊन पोशाखातच जेवत होतो, आणि वर बघतो तर बाबांच्या खुर्चीवर तो बसलेला. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्या खुर्चीवर आम्ही कुणी बसत नसू. ताईचा चेहरा मला अजून आठवतो. तिनं पाहुण्याच्या छातीकडे बघितलं आणि हळूच मान हलवली. आत काहीच वाजत नव्हतं.

"थोडं पाणी मिळेल?" तो म्हणाला.

आईनं दिलं. ती घाबरली असेल तर तिनं दाखवलं नाही. त्यानं अर्धा ग्लास प्यायला, ओट्यावर ठेवला, आणि आईकडे बघितलं. "राहिलेलं ठेवा."

पुढचं वाक्य त्याला बोलता आलं नाही. भुंगा पानावरून उठला, त्यानं त्याला कवेत धरलं आणि दोघं त्या दगडी भिंतीत दिसेनासे झाले.

मी पळत वळसा घालून इस्त्रीच्या खोलीत गेलो आणि तळवा लावला. ताईनं कान लावला. तिला काही ऐकू येईना. खूप वेळ गेला, किंवा तसं वाटलं. मग माझ्या बोटांना बोटं लागली आणि मी जीव खाऊन ओढलं. भुंगा बाहेर आला, केसात चुना, पोशाखाची एक बाही खांद्यापासून फाटून आत राहिलेली. आई धावत आली. तिनं त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं, आणि आमच्या आईनं त्या क्षणी काय म्हणावं? "टकटक कुठाय तुझी?"

सगळे हसायला लागलो. रडत रडत हसलो. भुंगा जरा उशिरा हसला. आईनं ते अर्धं पाणी मोरीत ओतलं, ग्लास घासला आणि रोजच्या वापरात ठेवून दिला. त्यानंतर आम्ही मुखवटे काढून टाकले ते कायमचे. आणि 'त्या दिवशी भुंग्यानं टकटक केली नाही' हा आमच्या घरातला सगळ्यात लाडका विनोद झाला. दर गुरुवारी कुणीतरी तो काढतंच.

त्या दिवशी टकटक झाली नव्हती. आज खोकी बांधायची दोरी हातात घेऊन मी त्या भिंतीसमोर उभा होतो, आणि पहिल्यांदाच मला त्यात हसण्यासारखं काही दिसेना.

४

ताई इस्त्रीच्या खोलीत चादरींच्या घड्या घालत होती. मी समोरची दोन टोकं धरली. लहानपणापासून आम्ही असंच करत आलोय. ताणायचं, दुमडायचं, एकमेकांकडे चालत यायचं.

"ताई, तू रेडिओ का लावतेस गं?"

कापूस असला तरी तिला माझं बोलणं स्वच्छ ऐकू येतं. "बातम्यांसाठी."

"तू एक तरी बातमी ऐकली आहेस का?"

तिनं चादर ताणली. माझ्याकडे बघितलं नाही. "तुला ऐकू आलं वाटतं आज."

"कधीपासून आहे हे?"

"पहिल्या गुरुवारपासून. आधी नुसतं खरवडल्यासारखं यायचं. टकटक नंतर आली."

माझ्या हातातलं चादरीचं टोक पिवळं पडायला लागलं, तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की हात तापलेत. मी ते सोडून दिलं. "म्हणजे आत भुंगा आहे. आणि आपण ज्याला बाहेर काढलं..."

"गप्प बस," ताई म्हणाली. "त्यातून तेवढा एकच अर्थ नाही निघत. जेवताना आपण दर गुरुवारी काय सांगतो? दोनदा, थांबून एकदा. तो तर ताटावर वाजवून दाखवतो. आत जो कोण आहे तो इतकी वर्षं आपलं सगळं ऐकत बसलाय. आपणच शिकवलं असेल त्याला."

हे खरं होतं. त्या घरात आम्ही जुन्या गोष्टींशिवाय दुसरं काही बोलतच नसू. आई वारली ती ताईच्या घरी, आणि तिच्या जाण्याबद्दल आम्ही या घरात कधी बोललो नाही. इथं ती स्वयंपाकघरातच असल्यासारखे वागायचो. तेवढंच बरं वाटायचं.

"तू भुंग्याचा ठोका ओळखतेस," मी म्हणालो. "त्याचा अडखळतो ना?"

"मधेच एक. जिना उतरताना पायरी चुकावी तसा. तसा दुसऱ्या कुणाचा नाही."

"मग ऐक की. कापूस काढ आणि एकदा ऐक. इतकी वर्षं का नाही ऐकलंस?"

ताई खाली बसली, घडी मांडीवर घेऊन. ती ग्रंथालयात नोकरी करते, तिथं कुणी बोलत नाही म्हणून. नोकरी लागली तेव्हा मी तिला किती चिडवलं होतं.

"आणि तो नसला तर?" भिंतीला ऐकू जाऊ नये इतक्या हळू ती म्हणाली. "आईला शेवटचे महिने कुणी भरवलं? तू दुकानात, मी कामावर. हा कुलपांचं दुकान बंद ठेवून तिच्या उशाशी बसायचा. तिचे केस विंचरायचा. जाताना तिनं त्याचा हात धरला होता, आपला नाही. मला तो हवाय. ऐकलं आणि तो नसला, तर मी काय करू? मग मी ठरवलं, कुणाचाच ठोका ऐकायचा नाही."

"आणि आत जर खरा भुंगा असेल तर? पुढच्या आठवड्यात भिंत पाडणारेत."

"म्हणून तर रेडिओ हवा होता मला," ताई म्हणाली आणि रडायला लागली.

५

मी स्वयंपाकघरात परत आलो तेव्हा भुंगा ओट्याशी उभा होता. शर्टाच्या बाह्या वर केलेल्या, कपाळाला घाम. मी ओतून ठेवलेला ग्लास त्यानं उचलला, अर्धा प्यायला आणि ठेवला. वरून चुना पडत होता म्हणून त्यावर बशी झाकली.

मी त्या ग्लासाकडे बघत राहिलो असणार. किती वेळ, कोण जाणे.

"काय झालं?" त्यानं विचारलं.

"अर्धं ठेवलंस."

"तहान भागली, दादा." तो हसायला गेला. मग त्यानं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि त्याचं हसू तसंच अर्ध्यावर थांबलं. तो हुशार आहे. लहानपणापासून मला खोटं बोलताना पकडणारा तोच.

भिंतीनं त्याच वेळी टकटक केली. दोनदा. एकदा.

भुंगा दचकून मागे सरकला. "हे काय आहे?"

"ताई म्हणते, पहिल्यापासून आहे."

"आणि तुम्ही मला सांगितलं नाही." मग त्याला पुढचं कळलं. ते त्याच्या चेहऱ्यावर उमटताना मी पाहिलं, आणि ते मला मरेपर्यंत विसरता येणार नाही. "अच्छा. म्हणजे मी कोण, असा प्रश्न आहे."

"मी तसं म्हटलं नाही."

"तू ग्लासाकडे बघत होतास." तो खोक्यावर बसला. "त्या दिवशी मी टकटक का केली नाही, ते कुणी मला विचारलंच नाही रे. तुम्ही हसलात, म्हणून मीही हसलो. माझे दोन्ही हात अडकलेले होते. एक तू धरलास, दुसरा त्यानं धरला होता. बाहीला. बाही फाटली म्हणून मी सुटलो. तो शेवटी माझ्या कानात काय म्हणाला, सांगू? राहिलेलं ठेवा, म्हणाला. त्यानंतर मी कुठल्याच भिंतीत गेलो नाही, कारण मला वाटायचं, सगळ्या भिंती आतून एकच असतील आणि तो तिथं वाट बघत असेल."

तो सगळं अगदी त्याच्या आवाजात बोलत होता. मला विश्वास ठेवायचा होता. नव्वद टक्के ठेवलाही. उरलेल्या दहा टक्क्यांनी मी पुन्हा एकदा त्या बशीकडे बघितलं, आणि तेही त्यानं पाहिलं.

"भिंत पडल्यावर हा आवाज थांबेल," तो म्हणाला. "पण तू माझ्याकडे असाच बघत राहशील. ताई कानात कापूस घालून बसेल. दर गुरुवारी. मला नाही जमणार, दादा. मला तुम्ही दोघंच आहात." तो उठला. "मी जाऊन बघतो, आत कोण आहे. हात देशील ना?"

नको जाऊस, असं म्हणायचं होतं. जिभेवर होतं. पण मला कळायलाही हवं होतं.

"देईन," मी म्हणालो.

"आणि टकटक केल्याशिवाय ओढू नकोस. या वेळी नक्की करतो." जाता जाता त्यानं माझ्या खांद्यावर चापट मारली, लहानपणी शर्यत सुरू व्हायच्या आधी मारायचा तशी.

६

तो पलीकडच्या खोलीत गेला. ताई धावत माझ्याजवळ आली. "हा काय करतोय? तू त्याला जाऊ दिलंस?"

"कापूस काढ," मी म्हणालो. "आत्ता तरी काढ."

पलीकडून भुंग्याचा आवाज आला, "निघालो रे." मग तो आवाज मधेच थांबला. त्या खोलीला दुसरं दार नाही. इतक्या वर्षांनी तो पुन्हा दगडात शिरला होता.

मी तळवा भिंतीवर ठेवला आणि होता नव्हता तेवढा तापवला. चुन्याचा जुना, करपट वास सुटला. ताईनं कानातला कापूस ओढून काढला, डोळे मिटले. थोडा वेळ तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. मग तिचा हात माझ्या दंडावर घट्ट आवळला.

"तोच आहे," ती म्हणाली. "अडखळला. ऐक ना, पुन्हा अडखळला. आपलाच आहे रे तो. पहिल्यापासून आपलाच होता."

मला रडू आलं आणि हसूही. काय मूर्ख माणसं आम्ही. घरातल्या पोराला ओळखायला भिंतीत पाठवलं. आता बाहेर आला की त्याची माफी मागायची, टेंपो थांबवून रेडिओ परत आणायचा, तिथंच जमिनीवर बसून जेवायचं. "ये रे भुंग्या," मी भिंतीला तोंड लावून म्हणालो. "ये बाहेर. बास झालं."

टकटक झाली. दोनदा. जरा थांबून एकदा. अगदी नेमकी, आईला आवडली असती अशी.

माझ्या बोटांना बोटं लागली. गार होती, पण दगडातून येणारी नेहमी गार असतात. मी ओढलं. आधी मनगट आलं, मग वर केलेली बाही, मग तो पूर्ण बाहेर आला, केसात चुना, डोळे मिचकावत. त्याच्या दुसऱ्या हातात आईनं शिवलेली अस्तराची फाटकी बाही होती.

"कोणी नाही आत," तो म्हणाला. "एवढीच होती."

मी त्याला मिठी मारली. "टकटक केलीस या वेळी," मी म्हणालो, आणि मोठ्यानं हसलो. तोही हसला, जरा उशिरा.

ताई हसली नाही. त्याच्या खांद्यावरून मला ती दिसत होती. ती त्याच्याकडे बघतच नव्हती. ती भिंतीकडे बघत होती, मान जरा कलती करून, आत कुणीतरी जिना उतरतंय आणि एक पायरी चुकतंय असं ऐकत असल्यासारखी.

तो माझ्या मिठीतून अलगद सुटला. त्यानं अंगावरचा चुना झटकला, केसांवरून हात फिरवून भांग नीट केला, आणि आम्ही सगळ्यात शेवटी न्यायची म्हणून ठेवलेल्या बाबांच्या खुर्चीवर जाऊन बसला. अगदी कडेवर. त्यानं रिकाम्या स्वयंपाकघरावरून एकदा नजर फिरवली.

"आई दिसत नाही कुठे," तो मऊ आवाजात म्हणाला. "राहिलेलं ठेवायला सांगितलं होतं तिला."

बाकी सगळं आम्ही बांधून टाकलं होतं. ओट्यावर फक्त भुंग्याचा अर्धा ग्लास होता, त्यानं बशी झाकून ठेवलेला.